न धुतलेली चोळी

नरसीच्या गोजरबाई शिंपिणीने आयुष्यात एकाही बाईचे माप अंगावरून घेतले नाही. तशी गरजच नव्हती. ज्या बाईला नवी चोळी हवी असे, ती नव्या खणाबरोबर आपली एक जुनी चोळी पाठवून देई. गोजरबाई जुनी चोळी उलगडून खणावर पसरी आणि कातर चालवी. या पद्धतीचा एक फायदा असा, की शिंपिणीला बाईचे अंग पाहावे लागत नसे. दुसरा फायदा असा, की बाईच्या अंगात जे काही घडत असेल ते शिंपिणीला आपोआप कळत असे. पहिला फायदा गावाला माहीत होता. दुसऱ्याविषयी कोणी कधी विचारले नाही, आणि न विचारलेले सांगण्याची गोजरबाईला सवय नव्हती. ही सवय नसणे तिच्या थोरल्या जावेला, नर्मदाबाईला, महागात पडले.

नर्मदाबाईने एका संक्रांतीला चोळीच्या उजव्या बाजूला आतून अस्तर मागितले. घाम येतो, म्हणाली. गोजरबाईने अस्तर लावले. दिवाळीला ते दुहेरी झाले. पुढच्या वर्षी उजवी बाजू आत ओढल्यासारखी दिसू लागली, तेव्हा गोजरबाईने तिथे चार चुण्या घेतल्या, आतून कापसाची पातळ घडी टाकली आणि दोन्ही बाजू अशा सारख्या करून दिल्या, की नर्मदाबाईच्या नवऱ्यालाही काही कळले नाही. त्याला कळून घ्यायचे होते असे मानायला अर्थात आधार नाही. गोजरबाईला मात्र आपल्या हाताचा अभिमान वाटला.

१९३६ च्या शिमग्यात नर्मदाबाई गेली. शेवटच्या आंघोळीसाठी बायकांनी चोळीची गाठ सोडली आणि सगळ्या क्षणभर मागे सरल्या. त्यांतली एक म्हातारी नंतर म्हणाली, "काय शिवलं गं गोजरे! इतक्या दिसांत कळूच दिलं न्हाई."

ती स्तुती होती. गोजरबाईने ऐकून घेतली. गावात नर्मदाबाई तापाने गेली असे सांगण्यात आले, कारण तापाने गेलेल्या माणसाविषयी कोणी पुढे काही विचारत नाही. आंघोळीनंतर बाजूला पडलेली ती चोळी गोजरबाईने उचलली आणि शिवणाच्या पेटीच्या तळाशी ठेवली.

त्यानंतर तिने एकच नियम केला. मापाची चोळी अंगावरून काढलेली, न धुतलेली आणायची. कारण विचारले तर ती सांगे, "धुतलं की कापड आटतंय. माप चुकतंय." हे कारण कोणालाही पटण्यासारखे होते आणि म्हणून कोणालाच पटले नाही. बायका हसल्या. शिंपिणीला घामाचा वास घेतल्याशिवाय सुई ओवता येत नाही, असे पाणवठ्यावर बोलले गेले. पण वीस कोसांत तिच्यासारखी टीप कोणाची नव्हती, त्यामुळे हसत हसत का होईना, चोळ्या न धुता येऊ लागल्या. चार वर्षे गोजरबाई त्या उलट्या करून उन्हात धरीत होती. घाम निघाला, हळद निघाली, लेकुरवाळ्यांचे दूध निघाले. तिला जे नको होते ते निघाले नाही.

१९४० च्या चैत्रात तातेरावांच्या घरची मोलकरीण शकुबाई एक गाठोडे घेऊन आली. तातेराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार. त्यांच्या थोरल्या मुलीचे लग्न वैशाखात ठरले होते आणि गाठोड्यात वधूच्या आईसाठी, म्हणजे तातेरावांच्या पत्नी सत्यभामाबाईंसाठी, हिरवा खण होता. खणाखाली मापाची चोळी होती. ती धुतलेली होती.

"धुतलेली काहून आणली?" गोजरबाईने विचारले.

"मालकीणबाईनं सोताच्या हातानं धुतली. मला हात लावू देईनात."

"त्यांनी याच्या आधी कधी कापड धुतलं व्हतं का?"

"लग्नाच्या आधी धुतलं आसंल," शकुबाई म्हणाली. "आन् सांगितलंय, डाव्या अंगाला दुहेरी अस्तर लाव. घाम लई येतो."

"एकाच अंगाला?"

"मोठ्या माणसाचा घाम, बाई. आपल्याला काय कळतंय त्यातलं."

गोजरबाईने चोळी उलटी केली. डाव्या बाजूला, बरोबर टोकाशी, ज्वारीच्या दाण्याएवढा तांबूस डाग होता. गरम पाण्याने तो गेला नव्हता, उलट बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तातेरावांच्या घरी गेली. अंगणात शेवया वाळत होत्या. सत्यभामाबाईंनी तिला आतल्या खोलीत नेले आणि दार लोटले.

"डाग कशाचा हाय, बाई?"

"हळदीचा," सत्यभामाबाई लगेच म्हणाल्या. "हळद शिजवताना उडाली. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल व्हतो, ठाऊक न्हाई व्हय तुला?"

"व्हतो की. पण उन्हात टाकला की उडतो बी. म्या काल आन् आज दोनी दिस उन्हात टाकली. न्हाई उडला."

हळदीच्या मुलखात हळदीचे खोटे फार वेळ टिकत नाही.

"दाबल्यावर येतं का आपसूक?"

"आपसूक."

"एकाच अंगानं?"

"व्हय."

"धाकटं लेकरू किती वर्साचं झालं?"

"अकरा."

"मंग ते कोणासाठी येऊन राहिलं, बाई?"

याचे उत्तर दारामागून मिळाले. सत्यभामाबाईंच्या सासूबाई तिथे उभ्या होत्या आणि बऱ्याच वेळापासून उभ्या असाव्यात. "लेकीचं लगीन हाय. मायेला पान्हा फुटतो आशा टायमाला. तू शिवायचं बघ."

"लाल पान्हा?"

"पान खाती ती."

गोजरबाई उठली. "अस्तर म्या लावत न्हाई. लेडी डॉक्टरला दाखवा. मंग चोळी शिवते, हातावर शिवते, लग्नात चार गावं बघतील आशी शिवते. पण अस्तर न्हाई."

शिंपिणीने जमीनदाराच्या घरी जाऊन शिवायला नकार देणे ही नरसीत नवी गोष्ट होती आणि तातेरावांनी ती, नव्या गोष्टी ते जशा घेत, तशीच घेतली. आधी ते संतापले. मग, आपण समंजस आहोत हे दिसावे म्हणून, पत्नीला गाडीत घालून हिंगोलीला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर शिकलेले होते, भिंतीवर त्यांचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले होते. सत्यभामाबाई पडद्याआड बसल्या, डॉक्टर पडद्यासमोर, आणि मध्ये तातेराव. प्रश्न डॉक्टरांनी तातेरावांना विचारले. उत्तरे तातेरावांनी दिली. मुले किती? पाच. सगळी अंगावर पाजली? हो. मग दूधच, डॉक्टर म्हणाले. पाच मुलांचा पुरावा शास्त्राला पुरेसा वाटला. पडद्यामागे एक माणूस बसलेला आहे, त्यालाही एखादा प्रश्न विचारता येईल, हे त्या खोलीत कोणाच्या ध्यानात आले नाही. उष्णता कमी व्हावी म्हणून एक बाटली औषध मिळाले. तेही लाल होते.

शकुबाई पुन्हा खण घेऊन आली. "डॉक्टर म्हणला, दूध हाय. आता शिव म्हणं. न्हाईतर हिंगोलीच्या मशीनवाल्या शिंप्याकडं टाकीन, आसं मालक म्हणून राहिले."

"टाका की. लई चांगला कारागीर हाय तो," गोजरबाई म्हणाली. "फकस्त येवढं इचार, एकाच अंगाला दुहेरी अस्तर काहून, आसं त्यानं भर बाजारात इचारलं तर मालक काय सांगतील? घामाचं सांगतील का पान्ह्याचं?"

शकुबाईने निरोप जसाच्या तसा पोचवला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाई स्वतः गोजरबाईच्या ओसरीवर आल्या. त्या ओसरीवर त्या पूर्वी कधी चढल्या नव्हत्या. बसायला घातलेल्या घोंगडीकडे त्यांनी पाहिले आणि उभ्याच राहिल्या.

"तुला माझ्या अब्रूचं काही हाय का न्हाई, गोजरे?"

गोजरबाईने पेटीच्या तळातून नर्मदाबाईची चोळी काढली आणि त्यांच्या हातात दिली. "उलटी करून बघा."

सत्यभामाबाईंनी चोळी उलटी केली. चार चुण्या, कापसाची घडी, दुहेरी अस्तर. अस्तर काळे पडून कडक झाले होते.

"कोणाची?"

"माझ्या जावेची."

"नर्मदा तर तापानं गेली म्हणं."

"तसं सांगितलं व्हतं. तिनं बी पयल्यांदा अस्तरच मागितलं. म्या लावलं. दुसऱ्यांदा मागितलं, दुसऱ्यांदा लावलं. लई चांगलं लावलं, बाई. कोणाला कळलं न्हाई."

सत्यभामाबाई घोंगडीवर बसल्या. त्यांनी विचारले, "दुखत व्हतं का तिला?"

"शेवटी."

"मला तर काहीच दुखत न्हाई."

"तिला बी न्हवतं दुखत. पयल्या अस्तराला."

जालन्याला मिशनच्या दवाखान्यात एक लेडी डॉक्टर आहेत, हे गोजरबाईला बाजारातल्या बोहारणीकडून कळले होते. सत्यभामाबाईंनी तातेरावांना कसेबसे राजी केले. लग्नाचे कापड जालन्याला स्वस्त मिळते, आणि कापड पारखायला शिंपीण सोबत हवी, असे बाकी घरात सांगण्यात आले. हे कारण इतके सरळ होते की सासूबाईंनीही ते मान्य केले. तातेराव, सत्यभामाबाई आणि गोजरबाई हिंगोलीला आगगाडीत बसले, पूर्णेला गाडी बदलली आणि जालन्याला उतरले. गोजरबाईच्या काखेत एक गाठोडे होते. ते गाडीत तिने एकदाही खाली ठेवले नाही.

डॉक्टरीणबाई नगरकडच्या होत्या, चष्मा लावणाऱ्या आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी विचारले, "हे कधीपासून?"

"झाले असतील पंधरा दिवस," तातेराव म्हणाले.

गोजरबाईने गाठोडे सोडले आणि बाकावर सत्यभामाबाईंकडून मागून घेतलेल्या त्यांच्या पाच जुन्या चोळ्या ओळीने मांडल्या. सगळ्या तिच्याच हातच्या होत्या. कोणती केव्हा शिवली आणि केव्हा विटली हे तिला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नव्हते.

"ही नागपंचमीपस्तोर घातली. साफ हाय. ही दसऱ्यापस्तोर, ही बी साफ. ही दिवाळीला काढून ठिवली, हितं बघा, मोहरीयेवढा. ही संक्रांतीची, जरा मोठा. आन् ही आताची, ज्वारीयेवढा. समदे डाव्या अंगाला. उजव्या अंगाला येक बी न्हाई. आन् जागा बघा, बोटभर बी हललेली न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग एकेक चोळी उजेडाला धरून पाहिली. "तुम्ही कुठे काम केलं आहे? कोणत्या दवाखान्यात?"

"म्या शिंपीण हाय."

यानंतर तातेरावांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगण्यात आले. पुढचे प्रश्न सत्यभामाबाईंना विचारले गेले आणि उत्तरे सत्यभामाबाईंनी दिली. त्यांची सगळी उत्तरे बरोबर होती. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजू आणि दोन्ही काखा चाचपल्या. मग डाव्या बाजूला एका बोटाने कडेकडेने, जात्याभोवती हात फिरावा तसे, दाबत गेल्या. एका ठिकाणी बोट थांबले आणि पांढऱ्या फडक्यावर एक लाल थेंब उतरला. बाकी कुठूनही काही आले नाही.

"गाठ हाताला लागत नाही," त्या म्हणाल्या. "दुधाच्या एकाच नळीत काहीतरी बारीक वाढलं आहे. बहुतेक वेळा ते वाईट नसतं. कधीकधी असतं. कापून काढल्याशिवाय मला सांगता येणार नाही, आणि न पाहता सांगणाऱ्यांपैकी मी नाही."

"लगीन महिन्यावर हाय," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"बारा दिवसांत घरी जाल."

त्या बारा दिवसांनी घरी गेल्या. कापलेला तुकडा बाटलीत घालून मुंबईला तपासायला गेला. लग्नाच्या आठ दिवस आधी तातेरावांना पत्र आले: वाढ वाईट जातीची नव्हती, ती पूर्ण निघाली आहे, तरी दर सहा महिन्यांनी येऊन दाखवून जावे. लग्नात सत्यभामाबाईंनी हिरवी चोळी घातली. आत अस्तर नव्हते. चार गावच्या बायकांनी टीप पाहिली आणि नावाजली.

त्या लग्नानंतर सत्यभामाबाईंनी गोजरबाईला एकही खण दिला नाही. त्या घरची शिवण हिंगोलीच्या मशीनवाल्याकडे जाऊ लागली. कारण कोणी सांगितले नाही. ज्या बाईने आपल्याला बाकावर पाच चोळ्यांत उलगडून मांडले, तिच्यासमोर पुन्हा गाठोडे सोडणे सोपे नसावे. जालन्यालाही त्या परत गेल्या नाहीत. एकदा दाखवून झाले, म्हणाल्या.

दिवाळीच्या तोंडावर शकुबाई ओसरीवर आली. गाठोड्यात एक चोळी होती. मशीनची टीप, अंगावरून काढलेली, न धुतलेली.

"खण?" गोजरबाईने विचारले.

"खण न्हाई दिला. माप बघ म्हणाल्या."

गोजरबाईने चोळी उलटी केली, उन्हात धरली, डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली. मग घडी घालून परत दिली. "बराबर हाय म्हणून सांग."

अक्षय्य तृतीयेला पुन्हा एक चोळी आली, पुढच्या दिवाळीला आणखी एक. कधी पाऊस लांबला, कधी युद्धामुळे कापड मिळेनासे झाले, कधी रझाकारांच्या भीतीने निम्मे गाव शेतात राहायला गेले. चोळी आपल्या वेळेला आली आणि "बराबर हाय" हा निरोप घेऊन गेली. रस्त्यात भेट झाली तर सत्यभामाबाई गोजरबाईकडे पाहत नसत. गोजरबाईही त्यांना हाक मारीत नसे.

१९४८ च्या दिवाळीला, निजामाचे राज्य जाऊन दीड महिना झाला होता, शकुबाई दोन चोळ्या घेऊन आली. एक सत्यभामाबाईंची. दुसरी त्यांच्या थोरल्या लेकीची, सासरहून माणसाबरोबर पाठवलेली. दोन्ही न धुतलेल्या होत्या. खण एकीबरोबरही नव्हता.

गोजरबाईने हातातल्या शिवणात सुई टोचून ठेवली आणि दोन्ही चोळ्या घेऊन उन्हात गेली.