नागुबाईंचं अष्टशील

हदगावच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात नागुबाई स्वयंपाक करतात. पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून त्या अष्टशील, म्हणजे बुद्धानं सांगितलेल्या आठ नियमांचं व्रत, घेतात. जेवायचं ते दुपारी बाराच्या आत, मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत काही नाही. बाकीच्या बाया दुपारनंतर सरबत तरी घेतात. नागुबाई नुसत्या पाण्यावर राहतात. अंगात ताप असला तरी त्यांचं हे कधी चुकलेलं मी पाहिलं नाही.

शाळेची सहल नेपाळात लुंबिनीला निघाली तेव्हा मुलींसोबत मी, नागुबाई आणि शाळेतले आनंदराज सर होतो. आठवीतल्या ऋतुजाला लहानपणापासून साखरेचा आजार. जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं, आणि ते घेतलं की लगेच जेवावंच लागतं, नाहीतर साखर घसरते. तिची आई लातूरला डाळ मिलमध्ये कामाला. नांदेड स्टेशनवर येऊन तिनं नागुबाईंचे हात धरले. "मौशी, तुमच्या भरोशावर धाडून राहिले," एवढंच त्यांना म्हणाली.

लुंबिनीत पोचलो तो दिवस पौर्णिमेचा होता. वंदना झाली, नागुबाईंनी शील घेतलं. त्यांच्या शेजारी बसून ऋतुजानंही घेतलं. नागुबाईंना कोण आनंद! "घे माय. बाराच्या आत जेवलीस की झालं."

जेवणाची पाकिटं फाटकावर आली, असा आनंदराज सरांचा फोन आला म्हणून ऋतुजानं इंजेक्शन घेतलं. पण पाकिटं आणणारा रिक्षावाला भलत्याच फाटकावर जाऊन थांबला होता. सर पाकिटं घेऊन धापा टाकत आले तेव्हा बारा वाजून गेले होते.

"अहो, नेपाळचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं हाय," सर म्हणाले. "आपल्या हदगावात अजून बारा वाजायचेत. जेवा पटापट!"

मुली हसल्या. नागुबाई मात्र हसल्या नाहीत. "भगवंताच्या दारात बसून हदगावचं घड्याळ बघू व्हय, सर?" त्यांनी पाकीट मागं सारलं. ऋतुजानंही सारलं.

"तू जेव गं. तुला सुई टोचलेली हाय."

"तुम्ही न्हाई तर मी बी न्हाई."

मी समजावलं, रागावले. ती तोंड फिरवून बसली. थोड्याच वेळात तिच्या कपाळावर घाम आला, बोटं थरथरायला लागली. यंत्रावर साखर बघितली, बावन्न. ग्लुकोजचं पाणी तिच्या तोंडाशी नेलं, तर तिनं हात झटकला आणि अर्धं पाणी माझ्या साडीवर सांडलं.

"अगं, सरबत चालतं! विहारातले भन्तेसुद्धा घेतात," सर काकुळतीला आले.

"मौशी न्हाई घेत!"

आता तिचं बोलणं जड झालं होतं. डोळे मिटायला लागले. शुद्ध गेली तर तोंडातून काहीच देता येत नाही, श्वासात जातं, हे तिच्या आईनं मला बजावून सांगितलं होतं. सर गाडी बघायला धावले.

नागुबाई इतका वेळ हात जोडून पुटपुटत होत्या. त्या एकदम उठल्या, ऋतुजासमोर फतकल मारून बसल्या. पाकीट फाडलं, अख्खी पुरी तोंडात कोंबली. चावता चावता डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बघ माझ्याकडं. डोळे उघड! मोडलं माझं. आता कुणासाठी बसलीस?"

त्यांनी ग्लासातलं गोड पाणीही घोटभर प्यायलं आणि तोच ग्लास तिच्या ओठांना लावला. ऋतुजा त्यांच्या भरल्या तोंडाकडं बघत राहिली. मग एक घोट गिळला, मग दुसरा. मी दुसरा ग्लास कालवला.

सर गाडी घेऊन आले तोवर यंत्रावर ब्याण्णव दिसत होतं. ऋतुजा रडायला लागली. "माझ्यापायी मोडलं तुमचं."

"तुझ्यापायी न्हाई. मी मघाच जेवायला पाहिजे व्हतं. मी ताठ बसले म्हणून तू बसलीस."

"आता?"

"आता पुरी खा. नुसत्या पाण्यावर परत घसरंल."

ऋतुजानं पाकिटातली पुरी हातात घेतली, पण तोंडाला लावली नाही. नागुबाईंनी आपली दुसरी पुरी मोडली. त्या एक घास घ्यायच्या, मग ती घ्यायची. पाकीट रिकामं होईपर्यंत दोघी तशाच जेवत होत्या.