अर्ध्या गावाचं गरम पाणी

हिवाळ्यात उजाडायच्या सुमारास सायराखाला गल्लीगल्लीतून फिरायच्या आणि प्रत्येक नळावर तळहात ठेवून पाहायच्या, आजारी लेकराचं कपाळ चाचपावं तसं. नळ कोमट लागला की तिथूनच बॉयलरवरच्या माणसाला हाक, “आरं, जाळ कमी पडून राहिला! म्हाताऱ्या न्हायला बसल्यात.” हिंगोली जिल्ह्यातल्या त्या गावच्या त्या सरपंच, आणि मी ग्रामसेवक.

जागा महिलांसाठी राखीव झाली म्हणून दिरानं त्यांना उभं केलं होतं. भाभी सही करतील आणि घरी बसतील, असं त्याला वाटलं. पण लेकीच्या बाळंतपणात खालांनी दवाखान्यात एक गोष्ट पाहिली. एकाच टाकीतलं गरम पाणी साऱ्या वॉर्डांत येत होतं. परतल्यावर मला म्हणाल्या, “भाऊसाहेब, पानी तापवायला घरोघरी बाया धुरात बसून राहिल्यात. एक जाळ साऱ्या गावाला काहून पुरणार न्हाई?” ग्रामसभेत लोक हसले. खालांनी हसू दिलं. ठराव झाल्यावरच उठल्या.

बॉयलर ग्रामपंचायतीच्या मागं बसला. शेतात पेटवून दिल्या जाणाऱ्या कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या लोक तिथं आणून टाकू लागले. गावाच्या मधून मोठा रस्ता जातो. खालांचं घर रस्त्याच्या खालच्या अंगाला, बॉयलर वरच्या. “आधी स्वतःच्या घरी नेलं म्हनतील,” म्हणून त्यांनी नळ्या वरच्या गल्ल्यांत आधी टाकल्या. तेवढ्यात रस्ता नवा सिमेंटचा झाला आणि तो ज्या खात्याचा, ते खातं नळीसाठी फोडू देईना. आम्ही दोघं कितीदा तरी जाऊन आलो. तिथले साहेब चहा पाजत आणि वरून आदेश नाही म्हणत. परतताना एसटीत खाला म्हणाल्या, “जाळ आमचा, पानी आमचं, लोकं बी आमचीच. मधला रस्ता तेवढा आमचा न्हाई.”

खालच्या अंगाच्या बाया त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. वरच्यांनी न्हाणीपुढच्या चुली मोडून तिथं मोटारसायकली लावल्या होत्या. एकदा बॉयलर बंद पडला तर तेच खालांच्या दारात येऊन ओरडले. खाला स्वतः मात्र गार पाणीच अंगावर घेत.

मग एका सकाळी त्यांची शेजारीण सुमन, घरात बाळंतीण सून म्हणून, वरून कळशीभर गरम पाणी आणत होती. रस्त्यात ट्रकनं करकचून ब्रेक मारला. ती दचकली आणि कळशी तिच्याच पायांवर पालथी झाली. तिला दवाखान्यात पोचवून खाला थेट बॉयलरकडे आल्या. मोठ्या व्हॉल्व्हचं चाक दोन्ही हातांनी धरलं. “बंद करते. समद्यांला न्हाई तर कुनालाच नको.”

वरच्या गल्लीतली म्हातारी गयाबाई रिकामी बादली घेऊन उभी होती. तिच्या घरी आता चूल नव्हती. खालांनी वळून त्या बादलीकडे पाहिलं. मग त्यांनी हात काढले, तिची बादली भरून दिली आणि पऱ्हाट्यांच्या ढिगावर बसल्या. “बघा भाऊसाहेब, हे चाक बी माझ्या हातात न्हाई.”

सुमनच्या जखमा भरेपर्यंत खाला रोज तिच्याकडे जाऊन, धुरात डोळे पुसत, चुलीवर सुनेसाठी पाणी तापवत. त्याच दिवसांत त्यांनी राजीनाम्याचं काढलं. दीर उपसरपंच होता. तो लगेच म्हणाला, “द्या भाभी. बॉयलर भंगारात काढू, गाव शांत होईल.” खालांनी कागद फाडला. “आता तर खुर्चीवरून उठायची बी सोय ठेवली न्हाई यानं.”

मुदत संपली, दुसरे सरपंच आले. माझीही बदली झाली. निघताना म्हणालो, “खाला, सुटलात एकदाच्या.”

“कशाची सुटका? अर्धं गाव गरम पान्यानं न्हातंय, अन् अर्धं माझ्या तोंडाकडं बघून राहिलंय.”

तिथला नवा ग्रामसेवक फोनवर सांगतो, खाला प्रत्येक ग्रामसभेला पुढं बसतात. विषय वाचून व्हायच्या आधीच उठून विचारतात, “नळीचं काय झालं?” सरपंच अर्ज पाठवल्याचं सांगतात. खाला पुढची सभा कधी ते विचारून घेतात, आणि ट्रक जाईपर्यंत थांबून, रस्ता ओलांडून घरी जातात.