इरम्माचे दोन पुडे

परंड्यात आमच्या गल्लीतला माणूस ओळखायला त्याची कुंडली बघायची गरज नव्हती. तो इरम्माकडून शेंगाची चटणी कशी घेतो, एवढं विचारलं की पुरे. माणिकप्पा आडत्ये जाडीभरडी घ्यायचे. जाडी चटणी चावायला वेळ लागतो, म्हणून थोडक्यात भागतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या वाड्यात लसूण शिजत नाही असं ते देवळात सांगायचे आणि इरम्माच्या दारात हळूच म्हणायचे, "जरा लसूण सढळ हातानं." आमच्या वडलांना तिखट दुप्पट लागायचं, जेवताना डोळ्यांना पाणी आलं की शिव्या मात्र इरम्माला. माझी आवड विचाराल तर दाणेदार. मी आणि इरम्माचा विरुपाक्ष एकाच बाकावरचे. दोघं मिळून उर्दूच्या तासाला खिशातली चटणी चाटायचो आणि मौलवीसाहेबांचा मार वाटून घ्यायचो.

इरम्मा मूळची आळंदकडची, लिंगायत. नवरा पटकीनं गेला तेव्हा विरू रांगत होता. माहेराहून आणलेलं दगडी उखळ आणि हात, एवढंच तिच्याजवळ राहिलं. शेंगा फोडायच्या, दाणे मंद विस्तवावर भाजायचे, चोळून फोलपटं पाखडून टाकायची, मग उखळात तिखट-मीठ, जिरं, लसूण घालून मुसळानं कांडायचं. पाणी नाही, वरून तेल नाही. दाण्यातलं तेल दाण्यानंच सोडायचं.

ती कांडायला बसली की भिंतीपलीकडून आम्हाला कळायचं, आता कुणाचा वाटा चाललाय. सुरुवातीला मुसळ खट खट वाजायचं. दाणा फुटला की धप धप. तिथं थांबलं तर समजावं, जाडी चटणी. तसंच कांडत राहिलं की तेल सुटून उखळातून चप चप असा ओला आवाज यायचा. तो आवाज आला की माझी आई म्हणायची, "खाजामियाँचं लोणी निघालं बघ."

खाजामियाँ करोडगिरीच्या नाक्यावर शिपाई होते. निजामाची हद्द ओलांडून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घ्यायची, ते खातं. बार्शीच्या वाटेवर नाका होता आणि मियाँ दर बाजाराला परंड्यात यायचे. साठीचं वय, पांढरी दाढी, आणि तोंडात औषधालासुद्धा दात नाही. त्यांना चटणी लोण्यासारखी लागायची. जिभेवर ठेवली की विरघळली पाहिजे.

"खाजाभाई," इरम्मा म्हणायची, "तुमच्या एका पुड्यात माझ्या चार पुड्यांचा जीव जातो. दातं लावून घ्या की सोलापूरला जाऊन."

"दातां लाकडाचे मिळतेत बहेन. लाकडानं तुमच्या चटणीची बेअदबी कशाला?"

मियाँनी कधी तिच्या चटणीला नाव ठेवलं नाही. खारट झाली तरी "वा", करपली तरी "वा". दुसऱ्याचं मन दुखवायचं त्यांना जमतच नसे. असला माणूस जकात कशी वसूल करत असेल, याचं आम्हाला नवल वाटायचं.

विरू बरोबर उलटा. आईनं ताटात चटणी वाढली की याचं सुरू. "मीठ जास्त झालंय." "दाणा कुठाय यात? माझे दात पडले का?" इरम्मा मुसळ उगारायची आणि दुसऱ्या दिवशी त्याचा वाटा धप धपवरच थांबवायची. एकदा मी तिला विचारलं, "आक्का, तुम्हाला स्वतःला कसली आवडते?"

"उखळाला चिकटलेली," ती म्हणाली.

सत्तेचाळीसच्या दिवाळीआधी विरूनं चावडीवर तिरंगा लावला. लावला तो लावला, वर शिडी तिथंच विसरून आला, आणि शिडी इरम्माच्या घरची हे अख्ख्या गावाला ठाऊक. पहाटे शिपाई दारात आले तेव्हा हा हद्द ओलांडून पलीकडं बार्शीजवळच्या, निजामाशी लढणाऱ्यांच्या कँपात पोचला होता. त्या दिवसांत हद्दीजवळच्या गावांतली बरीच पोरं तशी पलीकडं गेली. मी गेलो नाही. माझी आई आजारी होती, असं मी सांगतो. होती, पण तेवढी नाही.

आता पोराची खुशाली कळायची कशी? चिठ्ठी लिहावी तर नाक्यावर झडती. आणि इरम्माला वाचता येत नव्हतं. तेव्हा खाजामियाँ स्वतःच म्हणाले, "मी औषधाला बार्शीला जातोच. पुडा देत जाईन पोराला. जबानी निरोप आणीन."

नाक्याचा शिपाई बंडखोर पोराला चटणी पोचवणार! वर कळलं असतं तर मियाँची नोकरी गेली असती. रझाकारांना कळलं असतं तर काय काय गेलं असतं, ते न बोललेलं बरं. पण दर बाजाराला पळसाच्या पानांत बांधलेले दोन पुडे निघायला लागले. आधी दाणेदार कांडून विरूचा काढायचा, त्याला पांढरा दोरा. मग उरलेलं लोण्यावर आणायचं, त्याला लाल दोरा; तो मियाँचा. पान मिटलं की दोन्ही सारखेच दिसायचे. ओळख काय ती दोऱ्याची.

पुढच्या बाजाराला मियाँ ओसरीवर टेकले की इरम्मा पहिल्यांदा विचारायची, "काय म्हणाला?"

"म्हणाला, मीठ जास्त झालं."

"बरं हाय मंग," असं म्हणून ती हसायची. "विरू जागेवर हाय."

कधी "जिरं जळालंय म्हणाला." कधी "दाणा बारीक झालाय, आईचे हात भरून आलेत का विचार." ती चिडायची, मियाँवरच डाफरायची, आणि त्या रात्री तिला झोप लागायची. आमच्या गल्लीत कुणाला पोराचं पत्र आलं की पेढे वाटतात. इरम्माकडं पोरानं नाव ठेवलं की आम्हाला बोटभर चटणी चाटायला मिळायची.

संक्रांत झाली आणि विरू सुधारला. मियाँ सांगायला लागले, "लई आवडली म्हणाला." पुढच्या बाजारी, "आईच्या हाताला तोड न्हाय म्हणाला." त्याच्या पुढं, "खुशाल हाय, काळजी नक्को करा म्हणाला."

"बघ रे," इरम्मा मला म्हणाली, "घरी आई बोलून बोलून थकली. कँपानं दोन महिन्यांत रीत शिकवली पोराला."

मीही म्हणालो, "मलाच पाठवा की मग तिकडं." आणि आम्ही दोघं हसलो. ते हसू आठवलं की अजून मला माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

पाडव्यानंतर इरम्माचे डोळे आले. लालभडक, पाणी गळतंय, उजेड सोसत नाही. तशात तिनं बाजाराचे पुडे बांधले आणि मियाँ घेऊन गेले. दुपारी मी चटणी आणायला गेलो तर ती डोळ्यांवर ओला पदर धरून बसलेली आणि एकटीच हसत होती.

"अगं आई गं, काय करून बसले मी! हे बघ." तिनं पाटावर पडलेला दोऱ्याचा तुकडा दाखवला. बांधून उरलेलं टोक. तेलानं निथळत होतं, आणि रंगानं पांढरं. "एवढं तेल मियाँच्या पुड्यालाच सुटतं. लोणी पांढऱ्यात बांधलं मी! विरूला लोणी गेलं आन मियाँला दाणे."

"मियाँ काय करणार आता?"

"मियाँ वा म्हणतील. पण विरूचं तोंड बघ आता कसं सुटतंय! आई म्हातारी झाली म्हणंल, आंधळी झाली म्हणंल." बोलता बोलता तिच्या आवाजात अशी काही गोडी आली की, तिला त्या शिव्यांची भूक लागली होती हे मला तेव्हा कळलं. जवळजवळ तीन महिने नुसतं कौतुक ऐकून ती आतून उपाशी होती.

तो आठवडा तिनं बोटांवर काढला. बाजाराच्या दिवशी डोळे निवळले होते. मियाँ यायच्या आधीच तिनं उखळात दाणे घातले. विरूचा वाटा आधी. आवाज धप धपवर आला तेव्हा मियाँ दारात उभे राहिले. मी ओसरीवर माणिकप्पांच्या चटणीसाठी थांबलो होतो. इरम्मानं मुसळ थांबवलं.

"या, खाजाभाई. बोला, काय म्हणाला?"

मियाँनी टोपी काढून घाम पुसला. "खूश हाय. लई याद करतो तुमची."

"चटणीचं काय म्हणाला?"

"वा वा म्हणाला."

"आन दाण्याचं? दाण्याचं काय बोलला का न्हाय?"

त्या बिचाऱ्याला वाटलं, आईला आणखी थोडं ऐकायचंय. ते मायेनं म्हणाले, "बोलला ना! दाणा कसा खमंग, दाताखाली कुडूम कुडूम वाजतो म्हणाला. आईबिगर असा दाणा कुणाला ठेवता येत न्हाय म्हणाला."

मुसळाच्या टोकाला लागलेली चटणी तिनं बोटानं निपटली आणि उखळात झटकली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं,

"तुमचा पुडा कसा व्हता, खाजाभाई?"

"माझा?" मियाँ ओशाळले. "जरा… जाड व्हता. पण हरकत न्हाय, दुधात भिजवून खाल्ला मी. चव तर—"

आणि ते थांबले. आपण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं. त्यांच्या हातातली टोपी खाली पडली ती त्यांनी उचलली नाही.

"किती दिस झाले?" इरम्मानं विचारलं.

मियाँ ओसरीच्या पायरीवर बसले. "संक्रांतीचा बाजार. मुदतीचा ताप निघाला व्हता. मी पोचलो तवा पहाटेच… पुडा माझ्या हातात व्हता, बहेन."

"आन मला सांगितलं न्हाय."

"दर बाजाराला सांगायचं ठरवून यायचो. दारात आलो की तुमी पुडा पुढं करायच्या."

तिनं उखळाच्या काठावरचे दाणे आत लोटले. गल्लीतून बाजाराला जाणाऱ्या गाड्या वाजत होत्या. मग म्हणाली, "जाळलं का?"

"न्हाय, न्हाय! पोरं सरण रचायला निघाली व्हती. त्यांना काय ठावं? मी म्हणालो, नक्को, यांच्यात पुरतेत. तुमच्या मालकाच्या वक्ताला मी व्हतो, मी बघितलं व्हतं."

"बसवून?"

"बसवून."

"लिंग?"

"गळ्यातलं सोडून डाव्या हातात दिलं. मी शिवलो न्हाय. तिथल्या एका तुमच्यातल्या पोराकडून करून घेतलं. माती मात्र मी दिली. माफ करा."

इरम्मानं मान हलवली. कशासाठी, ते मला कळलं नाही.

"त्या दिवशीचा पुडा?"

"त्याच्या मांडीवर ठेवला. पुढचे सगळे तिथल्या पोरांनी खाल्ले."

"पांढऱ्या दोऱ्याचा व्हता ना तो?"

"व्हय बहेन. पांढऱ्याच."

"बरं झालं," इरम्मा म्हणाली. "न्हायतर बोलला असता."

ती रडली नाही. मुसळ उचललं आणि कांडायला लागली. उखळात विरूचा वाटा होता. धप धप वाजत होतं, तिथं तिनं थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. चप चप सुरू झालं तरी थांबली नाही. पलीकडून माझ्या आईनं विचारलं, "काय गं इरम्मा, आज मियाँसाठी एवढं?" चटणी पार गुळगुळीत झाली, तेल वर तरंगलं, तरी ती कांडतच राहिली. शेवटी मियाँनीच उठून मुसळाला हात लावला आणि ते तिच्या हातातून काढून घेतलं. मग ती तिथंच उखळाला टेकून बसली. आमच्या आईला बोलवायला मी धावलो, आणि धावताना मला पहिल्यांदा आठवलं की विरू माझ्या बाकावरचा होता.

पुढं सप्टेंबरात निजाम शरण आला आणि सगळं बदललं. नाका उठला, मियाँची नोकरी गेली आणि ते लेकीकडं गुलबर्ग्याला गेले. जाताना इरम्मानं त्यांना लाल दोऱ्याचा पुडा दिला.

विरूचं कळलं त्या दिवसापासून इरम्माच्या उखळातनं दाणेदार चटणी निघालेली नाही. सगळ्यांना एकच, लोण्यासारखी. माणिकप्पा कुरकुरले, "मला काय दात न्हाईत का?" ती म्हणाली, "हायत तर हायत. दुसरीकडून घ्या." माणिकप्पा दुसरीकडून घेत नाहीत. मीही तीच मऊ घेतो. ती चटणी खरं तर फार सुरेख होते. भाकरीवर फिरवली की आपोआप पसरते. पण मी तसं म्हणत नाही. एकदा म्हणालो होतो, "आक्का, वा!" तर तिचा चेहरा असा उतरला की मी ताटावरून उठलो.

म्हणून आता बोट चाटून मी म्हणतो, "मीठ जास्त झालंय, आक्का."

ती मुसळ अधांतरी धरून क्षणभर माझ्याकडं बघते.

"व्हय?" म्हणते. "आणखी काय?"

"जिरं जळालंय."

"आणखी?"

आणि मी बसून नावं ठेवत राहतो.