पाहणीच्या दिवशीचा कारखाना

ताईच्या कारखान्याचा वास मला अजूनही अधूनमधून येतो. मैद्याची खळ, तिला कीड लागू नये म्हणून घातलेले चिमूटभर मोरचूद, ओलसर पुठ्ठा आणि नव्या कापडाची कांजी, असा तो मिश्र वास होता. साजगावात मोठ्या कंपन्यांच्या भिंती संपतात, तिथे आत वळणाऱ्या गल्लीत पत्र्याची एक शेड भाड्याने घेऊन माझी थोरली बहीण सरकारी कार्यालयांना लागणाऱ्या फायली तयार करीत असे. आता कार्यालयांतली बरीच टिपणे संगणकावरच लिहिली जातात आणि शेडमध्ये कोणी टायरचे दुकान घातले आहे. त्या बाजूला जाण्याचे कारण उरलेले नाही. तरीही कधी खोपोलीला काम निघाले, तर मी पाय तिकडे वळू देते.

कारखाना हा शब्द ताईचा. मला तो उच्चारताना संकोच वाटे. हाताने चाक फिरवून चालवायचे कटिंग मशीन, एक दाबयंत्र, खळीचे पातेले आणि जमिनीवर बसून पुठ्ठ्यांना कापडी पाठ चिकटवणाऱ्या गावातल्या बायका, एवढाच तिथला सरंजाम. मी कर्जतच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर ताईने मला बोलावले ते कागदपत्रांसाठी.

"तुझं लिहिणं नीट आहे आणि तू कोणाशी भांडत नाहीस," ती म्हणाली. "भांडायचं खातं माझ्याकडे राहू दे."

तेव्हा मी दुपारच्या खोपोली गाडीने जाऊ लागले. पळसदरी मागे पडले की डब्यात फारसे कोणी नसे आणि मला शासकीय खरेदीचे नियम निवांत वाचता येत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी खरेदीतला ठरावीक वाटा राखलेला असतो. त्यांना बयाणा रक्कम भरावी लागत नाही. मोठ्या पुरवठादाराचा दर थोडा कमी आला, तरी त्या दराला माल देण्याची संधी लहान उद्योगाला मिळते, आणि उद्योग बाईचा असेल तर आणखी थोडा आधार. मात्र हे सारे माल स्वतः बनवणाऱ्याला. तयार माल आणून विकणारा व्यापारी, कितीही लहान असला, तरी त्या दारातून आत जाऊ शकत नाही. मला ही अट न्याय्य वाटली. ती आपल्यालाच अडवील, असे त्या गाडीत बसून मनातही आले नाही.

त्या वर्षी फायलींच्या मोठ्या खरेदीसाठी ताईने निविदा भरली. कोणीतरी हरकत घेतली की अर्ज करणाऱ्यांपैकी पुष्कळजण बाहेरून फायली आणून त्यांवर आपले लेबल लावतात. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी पाहणी होणार असे पत्र आले. आमची नोंद उत्पादक म्हणून टिकली, तर बायकांना वर्षभर पुरेल इतके काम होते. व्यापारी ठरलो, तर बाहेरच्या घाऊक मालाशी दरात स्पर्धा करण्याची आमची ताकद नव्हती, आणि शेड सोडावी लागली असती.

पत्र हाती येताच ताईने केर काढायला घेतला.

पाहुणे येणार असले की घरात कष्टाची खूण दिसू द्यायची नाही, हे आम्हा बहिणींच्या अंगात आईने मुरवले होते. राबणारी माणसे म्हणून आम्हाला कोणी हिणवू नये, अशी तिची धडपड असे. मुसळ, जाते, धुण्याचा ढीग, सारे पडद्याआड जाई. पाहणीला येणारे साहेब हेही पाहुणेच. बायकांनी दोन दिवस शेड घासली. कातरणाची पोती मागच्या दारी गेली. खळीचे पातेले रिकामे करून, राख लावून चकचकीत करून पालथे ठेवले. तयार फायली प्लास्टिकमध्ये बांधून भिंतीशी रचल्या, बुद्धांच्या तसबिरीला हार घातला, दारात रांगोळी काढली. पाहणीच्या दिवशी बायका काठपदराच्या साड्या नेसून ओळीने उभ्या राहिल्या. टेबल नव्हते, म्हणून कटिंग मशीनवर ताईने फुलाफुलांची चादर अंथरली आणि तिच्यावर पोह्यांच्या बश्या मांडल्या.

साहेब वयाने तरुण, बोलायला मृदू होते. त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, कप चादरीवर ठेवला आणि सभोवार पाहिले.

"गोदाम छान ठेवलंय," ते म्हणाले. "आता कारखाना दाखवता?"

ताईला वाटले साहेब थट्टा करीत आहेत. ती हसली. "हाच की."

"इथे तर सगळा तयार माल दिसतोय. बनतो कुठे?"

"इथंच बनतो, साहेब."

"कशावर? मशीन कुठं आहे?"

माझ्या हातात सगळी कागदपत्रे क्रमाने लावलेली होती, ती मी पुन्हा पहिल्यापासून चाळू लागले. अखेर खळ शिजवणारी बाई, जिला आम्ही सगळ्या मावशी म्हणत असू, पुढे झाली.

"सायेब, तुमी कप ठेवलाव ना, त्याच्याखाली हाय मशीन."

मागच्या बायकांना हसू आवरेना. एकीने दुसरीला कोपर मारले. "हस गं, आजून हस. उद्या घरीच बसायचं हाय."

चादर निघाली. साहेबांनी मशीनच्या पात्यावरून बोट फिरवले. तेही पुसून, तेल लावून लख्ख केलेले.

"ताई, मी पाहतो तेच लिहितो," ते म्हणाले. "मला काम चालू दिसलं पाहिजे. एक फाईल माझ्यासमोर करून दाखवा."

"खळ नाही," ताई हळूच म्हणाली. "सकाळीच ओतून दिली. शिजवून निवायला वेळ लागतो."

"का ओतलीत?"

"तुम्ही येणार म्हणून."

साहेबांनी घड्याळ पाहिले. त्यांना पोशीरला एका भातगिरणीची पाहणी करायची होती. दारात, रांगोळी ओलांडता ओलांडता ते थांबले. "परतीची वाट इकडूनच आहे. संध्याकाळी पाच मिनिटं डोकावतो. कृपा करून आता काही आवरू नका."

जीप वळली तशी ताई भानावर आली. "मावशी, चूल पेटव. कातरणाची पोती आत घ्या गं."

पुढची ती दुपार मला फार लख्ख आठवते. काठपदराच्या साड्यांचे पदर कमरेला खोचले गेले. रचलेल्या फायली भराभर बाजूला लोटून जमीन मोकळी झाली. मैद्याच्या गुठळ्या मोडता मोडता मावशी पुटपुटत होती, "दोन दिस घासायला घेतलं, आता घान करायला येक दुपार. ह्याला काय म्हनायचं?" मशीनचे चाक करकरू लागले आणि पुठ्ठ्याची धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगू लागली.

कडेला कागदपत्रे धरून उभी राहिलेली मी एकटीच होते. मावशीने माझ्याकडे पाहिले. "बाई, त्या कागदांना कुनी न्हेत नाय. बसा हितं."

मी बसले. उभ्या आयुष्यात हजारो पुस्तकांच्या पाठी मी हाताळल्या होत्या, पण एकही चिकटवलेली नव्हती. खळ बोटांना लागल्यावर थंड आणि बुळबुळीत लागते, कापड ओढले की सुरकुतते, सैल सोडले की सरकते. शेजारची बाई न बोलता माझी पट्टी सरळ करी आणि आपल्या कामाला लागे. तिचे ते न बोलणे मला फार बरे वाटले. हळूहळू सगळ्यांच्या गप्पा सुरू झाल्या. कोणाच्या जावेचा रुसवा, कोणाच्या भावाचे घर, भाताची लावणी. साहेब येणार आहेत हे त्या गप्पांत मागे पडले. निदान मी तरी विसरले.

ते आले तेव्हा कोणाचेच लक्ष नव्हते. दारात सावली पडली, तशी ताई मान वर न करता म्हणाली, "बघून पाय टाका, खळ सांडलीय." तोवर साहेबांचा बूट तिच्यात पडलेलाच होता.

ते बराच वेळ उभे राहिले. पुठ्ठा कापला गेला, पाठ चढली, दाबाखाली गेली. आधी चिकटवून वाळलेल्या फायलींच्या भोकांना आयलेट, म्हणजे धातूच्या बारीक कड्या, ठोकल्या जात होत्या, नाड्या ओवल्या जात होत्या. त्यांनी फोटो काढले आणि गुडघ्यावर वही टेकवून लिहायला घेतले.

"उत्पादक. यात शंका नाही," ते म्हणाले. "तसंच लिहितोय."

ताईने नुसती मान हलवली. मावशीने मात्र पळी पातेल्यावर दोनदा आपटली.

मग साहेब प्रत्येकीला काम विचारत गेले. कटिंग. दाब. खळ. आयलेट. माझ्यापाशी येऊन ते घोटाळले. सकाळी मी त्यांना कागदपत्रांसह, चष्मा लावून उभी दिसले होते. आता माझे हात मनगटांपर्यंत पांढरे होते.

"तुमचं काम?"

मी हातातली कापडी पट्टी पुढे केली.

"ती नवीन आहे," ताई म्हणाली. "आजच लागलीय. पाठी चिकटवायला बसवलंय."

"हात सावकाश हाय," मावशीने भर घातली, "पन बसंल."

साहेबांनी तेही लिहून घेतले. बूट दाराच्या उंबऱ्याशी पुसला आणि येतो म्हणाले. खळ आळायला लागली होती, ती संपवणे भाग होते. त्यामुळे त्यांना निरोप द्यायला आमच्यातली एकही उठली नाही.