एका थेंबाची जागा

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. धुळ्याच्या एका दवाखान्यात मी नर्सचं काम शिकत होते. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा विषमज्वरानं गेला. सासरच्यांनी मला पारोळ्याला भावाकडे पोचवलं आणि भावानं इथे. शिकायला आम्ही सहा जणी होतो. मला कुणी वेगळं बसवत नसे, पण मी जेवायला बसले की चाललेलं बोलणं थांबायचं.

एकदा डॉक्टरांनी आम्हाला नुकतेच जंतू पेरलेली काचेची बशी दाखवायला बोलावलं. "माणसाच्या अश्रूंत एक प्रथिन असतं," ते म्हणाले, "काही जंतूंना ते वाढू देत नाही. बघू या का? कोण देतं एक थेंब?"

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, हिलाच सांगा. हिला सवय आहे."

सगळ्या हसल्या. डॉक्टर हसले नाहीत, पण लिंबाची साल त्यांनी माझ्याच हातात दिली. मी ती डोळ्याजवळ पिळली. आग आग झाली. त्यांनी बारीक नळीनं पाणी टिपलं आणि बशीत सोडलं.

दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची पिवळट साय धरली होती. फक्त माझा थेंब पडला तिथे टिकलीएवढी जागा स्वच्छ होती. मी वाकून बघतच राहिले.

"हे कुणाच्याही अश्रूनं झालं असतं," डॉक्टर म्हणाले. "थुंकीत असतं, आईच्या दुधातही असतं. मात्र माणसाला आडवं करणाऱ्या बऱ्याच जंतूंपुढे त्याचं काही चालत नाही."

"विषमज्वराच्या?" मी विचारलं.

"त्यांच्यापुढेही नाही," ते म्हणाले. दुपारी बशी उकळत्या पाण्यात गेली.

हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं. शेवटी बायकांच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या अक्काला सांगितलं. खेड्यातून आलेली, दोन्ही डोळे गेलेले, भेटायला कुणी येत नसे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग मना डोया काबर ग्यात व माय?" ती म्हणाली. "मी ते बठ्ठा जनम रडनू."

सगळा जन्म रडून गेलेले तिचे डोळे चिकटले होते. उकळलेल्या पाण्यात कापूस भिजवून मी तिच्या पापण्या पुसल्या. तिनं चाचपडत माझं मनगट धरलं.

"जराशी बठ ना मनाजोडे."

तीन खाटांची कामं राहिली होती. तरी मी बसले. तिचा हात खरखरीत होता, आणि इतक्या दिवसांत मला कुणी हात लावलेला नव्हता.

दोन दिवसांनी मी दुसरीकडे कामाला असताना तिच्या माणसांनी तिला बैलगाडीतून गावी नेलं. संध्याकाळी आले तर खाटेवर नवी चादर घातलेली होती. तिचं गाव कोणतं, हे विचारायचं राहूनच गेलं.