बाबांच्या कॅसेटी

माझी नात परवा मोबाइल पाणी प्यायच्या तांब्याला टेकवून त्याच्यासमोर बसली होती. स्वतःचे व्हिडिओ काढून लोकांना दाखवायचे, असं तिच्या मनानं घेतलंय. मला म्हणाली, "आजी, पहिल्या व्हिडिओत काय बोलू?" मी म्हटलं, "खरं असेल ते बोल. नसेल बोलवत तर गप बस." ती हसली. तिला वाटलं, म्हातारी उपदेश करून राहिली. उपदेश कसला डोंबलाचा, मला राग आला होता. तो तिच्यावर नव्हता, पण निघाला तिच्यावर.

हा कारभार आमच्या घरी कधीचाच होऊन गेलाय. तेव्हा मोबाइल नव्हता, गल्लीत दोन घरी टीव्ही होता, आणि माझं लग्न व्हायचं होतं.

आम्ही विणकर. नागपुरात गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. पुढची खोली मागानंच व्यापलेली. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बाबा बसायचे आणि लुगडी विणायचे. माय आणि मी धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायचो. पॉवरलूमनं हातमागाची वाट लावलीच होती. एका मागावर बाप आणि लेक दोघं कसे जगतील? म्हणून भाऊ आधी वाडीच्या गोदामात ट्रक भरायला जायचा, मग वेल्डिंग शिकला आणि आखातात गेला. पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा. तिकडे कुणाकडून तरी जुनाच घेतलेला, पण आमच्या गल्लीला जुनं काय अन् नवं काय. असला कॅमेरा लोकांनी बड्यांच्या लग्नातच पाहिलेला.

भाऊ म्हणाला, "आता पत्र नका लिहू. तुमच्या पत्रात काय असते? इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे. मले तुमची तोंडं पाहाची हायेत. बोला याच्यासमोर, आणि कॅसेट पाठवत जा कोणी जाणारा भेटला की." कॅमेरा कसा धरायचा, बॅटरी कशी चार्ज करायची, हे त्यानं मला शिकवलं. मी दहावीपर्यंत गेले होते, घरात तेवढंच शिक्षण.

तो गेल्यावर आम्ही पहिली कॅसेट काढली. मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, बाबांनी टोपी घातली, दोघं फोटो स्टुडिओत बसावं तसे गुडघ्यांवर हात ठेवून बसले. श्वाससुद्धा सोडेनात. मी म्हणते बोला, तर बाबा ओठ न हलवता म्हणतात, "काढला का?" दहा मिनिटं नुसती पंख्याची घरघर. तीच कॅसेट आम्ही पाठवली. भावाचा निरोप आला: फोटो काढाले नाही, बोलाले सांगतलं होतं.

बाबा वैतागले. "बोलू काय? इथं काही झालंच नाही."

मी कॅमेऱ्यामागून म्हटलं, "बकरीचं सांगा ना."

शेजारणीच्या बकरीनं त्या आठवड्यात आमच्या सुताला लावायची खळ पातेल्यासकट चाटून फस्त केली होती, आणि मग तिचं तोंडच उघडेना. बाबांनी ते सांगायला सुरुवात केली. शेजारीण कशी धावत आली, बकरीच्या जबड्याला गरम पाणी कसं लावलं, आणि उलट ती मायशीच कशी भांडली की तुमच्या खळीत इतका मैदा कायले. सांगता सांगता टोपी कधी काढली त्यांनाही कळलं नाही. त्या दिवसापासून त्यांना थांबवणं मुश्किल झालं.

जागा ठरलेली असायची. छताला एकच काचेचं कवेलू होतं, त्याचा उजेड नेमका मागावर पडायचा. म्हणून बाबा खड्ड्यातच बसायचे, चार धोटे टाकायचे आणि म्हणायचे, "आवाज येते ना गा?" मग गोष्टी. बाजारात संत्री कशी उतरली, कोणाच्या पोट्टीचं कुठं जमलं, नळावर कोण कोणाला काय बोललं. समोर मागावर एका कॅसेटीत जांभळं लुगडं, दुसरीत पोपटी. कॅसेट पाठवायच्या आधी गल्ली ती पाहायची. टीव्ही कुठला, कॅमेऱ्याच्या त्या इवल्या भिंगालाच डोळा लावायचा, कानात ऐकायचं बोंडूक घालायचं. बायका रांग लावायच्या आणि स्वतःला काय म्हटलं ते ऐकून बाबांशी भांडायला जायच्या.

भावाची, तिकडे मागून आणलेल्या कॅमेऱ्यानं काढलेली कॅसेट आली की जरीपटक्याच्या दुकानातून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचो. त्यात त्याची खोली दिसायची. एकावर एक खाटा, आणि त्यांवर माणसंच माणसं. केरळचे, पंजाबचे, हैदराबादचे. भाऊ म्हणाला, "बाबा, हे सारे तुमची वाट पाहतात." मागून एक जण ओरडला, "चाचा, उस बकरी का क्या हुआ?" बाबा टीव्हीसमोर उठून उभे राहिले. पुढच्या कॅसेटीपासून ते अर्धं हिंदीत बोलायला लागले. आयुष्यभर ज्या माणसाचं व्यापाऱ्यानं कधी धड ऐकून घेतलं नाही, त्याला परदेशात एक खोलीभर माणसं ऐकून राहिली होती. मला फार बरं वाटायचं तेव्हा. ते खोटं नाही सांगणार.

मग बाबांचा खोकला. तो जुनाच होता, सुताच्या धुळीत जन्म गेलेला. पण त्या दिवाळीनंतर रुमालाला रक्त लागायला लागलं. दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरनं मला आणि मायला बाहेर नेऊन सांगितलं की आता फार दिवस नाहीत, जवळच्यांना बोलावून घ्या.

मी म्हटलं, "भावाले तार करू."

बाबा ऐकत होते. म्हणाले, "काही नाही करायचं. त्याचा करार पुरा व्हाले पुढची दिवाळी येते. मधातून आला तर त्याले परत कोण घेते? मंग इथं बसून दोघं काय करतीन, मले खोकताना पाहतीन?"

माय त्यांच्याच बाजूची. परदेशातल्या लेकराला वाईट बातमी कळवायची नाही, हा आमच्या गल्लीचा नेमच होता. कोणाची सासू मेली, कोणाचं घर पडलं, पत्रात सर्व क्षेम. मी भांडले. म्हटलं, "त्याचा बाप हाय. त्याले पाहाचा हक्क हाय." माय म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू कॅमेरा धर." मला तिचा इतका राग आला की दोन दिवस मी तिच्या हातचं जेवले नाही. पण कॅमेरा धरला. मरणाऱ्या माणसाशी किती भांडणार?

पुढच्या कॅसेटी अशा निघाल्या. माय बाबांचं अंग पुसायची, दाढी करून द्यायची, गालाला पावडर लावायची. ते बोलायला लागले की मी त्यांच्या गळ्याकडे पाहत राहायचे. गळा हलला, खोकला येणार असं वाटलं, की बटण बंद. खोकून झाले, पाणी प्याले, की पुन्हा चालू. त्या कॅसेटीत एकदाही खोकला नाही. हे असलं कसब मला आलं होतं.

संक्रांतीच्या पुढे एक दिवस त्यांना जरा बरं वाटलं. म्हणाले, "आज साऱ्याच काढून ठेवू. पुढं बोलणं होते नाही होते." खड्ड्यात उतरणं आता जमत नव्हतं, म्हणून मागापुढे खाट टाकली, पाठीला उशी बांधली. तीन कॅसेटी काढल्या, तीन महिन्यांच्या. पहिलीत मफलर. दुसरीत शर्ट बदलला, मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं. तिसरीत बंडी, पुन्हा एक पान, आणि मायनं हातपंखा दिला. जानेवारीच्या थंडीत पंखा हलवत बाबा म्हणाले, "क्या गर्मी है भाई, नागपूर की," आणि हसले. माय बाजूला तोंडाला पदर लावून उभी होती. तिन्हीत त्यांनी खोलीतल्या एकेकाची चौकशी केली. सगळ्यांची नावं पाठ होती त्यांना.

त्यानंतर बाबा उठून बसले नाहीत. पहिली कॅसेट गेली. दुसरी गेली. मधे एकदा तिकडून आलेला कामठीचा माणूस दारात आला होता. माय त्याच्याशी बाहेरच बोलली आणि त्याला परत लावून दिलं. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही, सहज." होळीच्या आधी बाबा गेले. अग्नी चुलतभावानं दिला.

मला वाटलं, आता तरी तार जाईल. मायनं तिसरी कॅसेट काढली, पदराखाली घेतली आणि कामठीला एका जाणाऱ्याच्या घरी स्वतः देऊन आली. मी नाही म्हटलं होतं न्यायला. आणि त्याचं उत्तर आलं ते आम्ही पाहिलंसुद्धा, भाड्याच्या टीव्हीवर, बाबांच्या रिकाम्या खाटेवर बसून. भाऊ म्हणत होता, "बाबा, पंखा चांगला हाय." मागची माणसं हसत होती. गल्लीतल्या बायकाही आल्या होत्या पाहायला. एकीनंही तोंड उघडलं नाही. साऱ्या गल्लीनं मिळून ते पाप सांभाळलं.

बाबांच्या कॅसेटी संपल्या. मग माय स्वतः बसली. तिनं फळीवरचा करंडा काढला, कपाळाला कुंकू लावलं. काळी पोत घातली. शेजारणीकडून हिरव्या बांगड्या मागून आणल्या. शेजारणीनं दिल्या, पण डोळ्याला डोळा दिला नाही. माय कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाली, "तुझे बाबा उमरेडले गेले, लग्नाले. येतीन दोन-चार दिवसांत. तू जेवत जा." बटण बंद झाल्यावर ओल्या पदरानं कपाळ असं घासलं की कातडं लाल झालं. मी म्हटलं, "माय, पुरं कर आता." ती म्हणाली, "चूप वं. पोट्टा तिकडे एकटा हाय."

दिवाळीला भाऊ आला. स्टेशनवर उतरला, मायच्या पाया पडला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाबा कुठं आहेत म्हणून विचारलं नाही. मायच्या कपाळाकडे पाहिलं नाही. रिक्षात सगळा वेळ तो बाहेरच पाहत होता. घोकून ठेवलेलं सगळं बोलणं मायच्या तोंडातच राहिलं.

घरात आला तो सरळ मागाशी गेला. मागावर अर्धं लुगडं तसंच होतं, मोरपंखी. मायनं ते कापू दिलं नव्हतं. त्यानं काठावर बोट ठेवलं.

"तिन्ही कॅसेटीत हेच," म्हणाला. "हा वेल इथंच थांबला हाय. शर्ट बदलले, कॅलेंडर बदललं. लुगडं एक बोटभर सरकलं नाही."

आम्ही जन्माचे विणकर. पावडर, पंखा, कॅलेंडर, सगळं आठवलं. माग आमच्या डोळ्यांसमोर होता, तो तेवढा कोणालाच दिसला नाही.

मी विचारलं, "कधी समजलं तुले?"

"दुसऱ्या कॅसेटीत."

म्हणजे बाबा होते तेव्हा. या खाटेवर, जिवंत. मला काय झालं कोण जाणे, मी त्याच्यावरच ओरडले. "मंग आला काहून नाही?"

"पासपोर्ट साहेबाजवळ. मी तो मागाले गेलो. म्हटलं, बाप बिमार हाय. साहेब म्हणे, तार दाखव. मी कामठीवाल्याच्या हातानं निरोप धाडला, खरं असेल ते तारेनं कळवा. त्यानं येऊन सांगतलं, तुझी माय म्हणे बाबा बरे हायेत, बाजारात गेले." तो मायकडे पाहत नव्हता, लुगड्याकडेच पाहत होता. "साहेबाले दाखवाले माझ्याजवळ काय होतं? हसणारा बाप. खोलीतल्या साऱ्यांनी पाहिला होता."

माय मागाच्या खड्ड्याच्या काठावर जाऊन बसली. भाऊ म्हणाला, तिच्या त्या कुंकवाच्या कॅसेटीत बाबा नव्हते तेव्हाच त्याला कळलं; मग खोलीतल्या माणसांनीच त्याची समजूत काढली, शिरा केला, आणि आपल्या पद्धतीनं बाबांची तेरवी केली. ज्यानं बकरीचं विचारलं होतं, तो सगळ्यात जास्त रडला.

मग भावानं मला विचारलं, "तिसरी कॅसेट बंद केल्यावर बाबा काय म्हणाले?"

मला आठवत होतं. पंखा खाली टाकून ते उशीवर कलंडले होते, आणि खोकल्यानं अख्खी खाट हलत होती.

मी म्हटलं, "म्हणाले, बंद केलं ना वं? लय दमलो. आता नाही होत."

भावानं मान हलवली. "तेवढं पाठवलं असतं," तो म्हणाला, "तर साहेबाले दाखवता आलं असतं."