चार पिना परत आल्या

आमच्या वर्कशॉपमध्ये एक लाल रॅक आहे. गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल तिथे ठेवतात आणि ज्याने तो बनवला त्याला समोर उभं करतात. तपासणीचं काम माझ्याकडे, त्यामुळे उभं करणारी मीच. इंदूरजवळच्या राऊच्या जरा पुढे आमचं शेड आहे. अकरा माणसं, चार लेथ आणि माझी काचेची खोली. खोलीत एसी आहे, तो मोजायच्या उपकरणांसाठी. मी आत बसते ही माझी हुशारी.

पूर्वी आम्ही देपालपूरकडच्या ट्रॅक्टर ट्रॉल्यांच्या पिना करायचो. मग दक्षिणेतल्या एका नव्या कंपनीला रॉकेटसाठी पिना हव्या झाल्या. हे रॉकेट वर जाऊन पुन्हा आपल्या पायांवर खाली उतरणार होतं. पायांना बिजागऱ्या, बिजागरीत पिन. दिसायला ट्रॉलीच्या पिनेची सख्खी बहीण, फक्त धातू चिवट आणि चुकायला मुभा दहा मायक्रॉनची. सेठजींनी ऑर्डर घेतली, मिठाई वाटली आणि मग मला विचारलं, “मॅडम, ये मायक्रॉन कितना होता है?”

ते काम जमलं एकट्या काकांना. काका छत्रीबागेतले, आमच्यातले सगळ्यात जुने टर्नर. सेठजींनी कॉम्प्युटरवालं नवं मशीन घेतल्यापासून काकांना दिवाळीनंतर घरी बसवायचं घाटत होतं. पण चार-चार पिनांसाठी ते मोठं मशीन लावणं परवडत नव्हतं आणि काका परवडत होते. दर उड्डाणाला चार नव्या पिना, अशी सहा उड्डाणं. म्हणजे काकांची दोन वर्षं तरी निघाली. त्यांना घरी बसायचं नव्हतं. घरी बसून करू काय, असं ते दिवसातून एकदा तरी विचारायचे.

पहिलं उड्डाण आम्ही सगळ्यांनी सकाळच्या चहाला सेठजींच्या मोबाइलवर बघितलं. रॉकेट गेलं, जरा वेळ दिसेनासं झालं आणि धुरळा उडवत सरळ खाली उतरून उभं राहिलं. आम्ही टाळ्या पिटल्या. सेठजींच्या टाळ्या थोड्या उशिरा आल्या. परत येणारं रॉकेट म्हणजे परत न येणारं गिऱ्हाईक, हे त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी समजलं असावं.

पंधरवड्याने कुरियरने एक डबा आला. आत आमच्याच चार पिना. डबा आल्याची बातमी शेडमध्ये फिरली आणि काका कोणी न बोलावता लाल रॅकसमोर जाऊन उभे राहिले. जेवणाचा डबाही खाल्ला नाही त्यांनी दुपारचा.

“किती मायक्रॉन गेला, ताई?” त्यांनी विचारलं. “सीधं सांगा.”

सोबतचं पत्र वाचल्यावर मला समजलं की तक्रार काहीच नव्हती. या पिना उडून आल्या होत्या. पुन्हा वापरता येतील का, एवढंच तपासून हवं होतं. मी हे काकांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. तीस वर्षांत परत आलेला माल त्यांनी एकाच कारणासाठी बघितला होता.

कंपनीच्या इंजिनीअरशी मी फोनवर बोलले. तो उत्साहाने म्हणाला, “मॅडम, फ्युएल तर सस्ता आहे. महाग आहे ती बॉडी. प्रत्येक वेळी नवी बनवायची म्हणजे बस देपालपूरला नेऊन तिथेच फेकून यायची.” देपालपूर मीच त्याला मघाशी सांगितलं होतं. मग आवाज उतरवून म्हणाला की तपासणीतच फार पैसा गेला तर नवी बॉडीच परवडते, म्हणून हे काम आमच्याकडे. थोडक्यात, मीही परवडत होते.

सेठजी काचेच्या खोलीत आले. “मॅडम, ज़रा भी शक हो ना, तो फेल कर देना. सेफ्टी फर्स्ट.” हे शब्द आमच्या भिंतीवर रंगवलेले आहेत. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकले.

तिसऱ्या पिनेवर एक बारीक रेघ होती. मी लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पावडर मारली. आत तडा असेल तर लाल रंग पावडरीतून वर येतो. आला नाही. मी पुन्हा केलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या कामात तडा निघावा म्हणून मी डोळे लावून बसले होते. पावडर पांढरीच राहिली.

काका दारात उभे होते. “निकलं काय काही?”

“काका, मी फेल लिहिलं तर नव्या चार कराव्या लागतील. मग पुढच्या वेळी परत चार.”

“आणि पास लिहिलं तर?”

“तर नाही.”

त्यांनी पिन उचलली, रेघेवरून नख फिरवलं. “हा पाना घसरलाय खोलताना कोणाचा तरी. पिन बरोबर आहे ना माझी?”

“बरोबर आहे.”

“मग फेल कसं लिहिणार तुम्ही?”

“नुसतं कागदावर, काका. रॅकसमोर कोण उभं करतंय तुम्हाला?”

“तिकडचा माणूस कागदच वाचणार ना. म्हणेल, इंदूरवाल्याने कच्चं काम दिलं.”

मी चिडले. त्यांनी गयावया केली असती तर मला कडक होता आलं असतं. त्यांनी तेवढीही सोय केली नाही. मी चारही पिनांपुढे पास लिहिलं आणि इतक्या जोरात सही केली की कागद फाटला. दुसरा घ्यावा लागला.

आठवड्याने मेल आला. काम उत्तम आहे, तूर्तास नव्या पिनांची गरज नाही. सेठजींनी तो उभ्याउभ्याच वाचला. महिना संपला त्या दिवशी काकांना निरोपाचा हार घातला, कचोरी झाली, सगळे आपापल्या मशीनवर गेले.

निघताना काका माझ्या खोलीत आले. त्यांना रिपोर्टची कॉपी हवी होती. ती देता येत नाही, मी दिली. “इंग्लिश नाही येत मला. वाचून सांगा.” मी सांगितलं, चार पिना, तडा नाही, झीज नाही, पुन्हा वापराव्यात. त्यांनी एकदा आणखी वाचायला लावलं. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, “थँक्यू, ताई.”

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. त्या थँक्यूचा आलेला राग अजून माझ्या डोक्यातून उतरलेला नाही. मी खरं तेच लिहिलं होतं, उद्याही तेच लिहीन, आणि त्याचं मला काडीचंही समाधान नाही.